अंगणात निजणारा माणूस

आकांक्षानं पातेल्यातली डाळ पळीनं ढवळली, एक दाणा चिमटीत दाबून पाहिला आणि गॅस बारीक केला. पुरणासाठी डाळ अजून थोडी मऊ हवी होती. तांदळाचं भगुणं घेऊन ती मोरीपाशी बसली. बाहेर नुकतं फटफटलं होतं. मागच्या दारातून गोठ्यातला आवाज येत होता. माय म्हशीची धार काढत होती आणि मधूनच म्हशीला काहीतरी समजावून सांगत होती.

वडिलांना, दादांना, जाऊन आज वर्ष होत होतं. धाकटा भाऊ प्रमोद गुरुजींना आणायला मोटारसायकलवर औंढ्याला गेला होता. त्याची बायको बाळंतपणासाठी डोंगरकडा गावी, माहेरी, त्यामुळे सैपाकाचं सगळं आकांक्षाच्या अंगावर होतं. त्यासाठीच ती आदल्या दिवशी नांदेडहून आली होती, सोबत सहा वर्षांची लेक राजनंदिनी, सगळ्यांची नंदू. पोरगी मधल्या खोलीत झोपली होती. तिला खोकला होता. झोपताना माय म्हणाली होती, लेकराला माझ्याजवळ दे, अंगणात बाजेवर झोपेल. आकांक्षानंच नको म्हटलं. पहाटेचं गार बाधेल, असं तिचं म्हणणं.

तिनं तांदळातलं पाणी ओतलं, आणि आवाज आला.

जमिनीखालून कुणी भरलेली ट्रॉली ओढत नेत असावं, तसला तो आवाज. इकडच्या गावांना तो नवा नव्हता. गेली कित्येक वर्षं डोंगराच्या पोटातून असा आवाज यायचा, भांडी किणकिणायची, कुत्री भुंकायची, माणसं जागच्या जागी थांबायची आणि मग पुन्हा कामाला लागायची. साहेब लोक यायचे, यंत्रं लावून जायचे, घाबरू नका म्हणून सांगायचे. पण आज आवाज आला तो गेला नाही. तो वाढत गेला. डोक्यावरचे पत्रे खडखडायला लागले. मोरीतलं पाणी आपोआप एका बाजूला गेलं, परत आलं. आकांक्षाच्या तळव्यांखाली फरशी हलली, एकदा, आणि मग थांबायचं नावच घेईना.

त्यानंतर ती बाहेर होती. कधी उठली, मागचं दार कधी ओलांडलं, गोठ्यावरून वळसा घालून गल्लीत कशी आली, यातलं काही तिला पुढं आठवलं नाही. ती हातपंपापाशी उभी होती आणि आजूबाजूला माणसं घराघरांतून बाहेर पडत होती. कुणी नुसत्या टॉवेलवर होतं, कुणाच्या तोंडाला दंतमंजनाचा फेस होता. शेजारची रूपाबाई सुनेला हाका मारत होती. पलीकडं कुठंतरी दगड घरंगळत खाली आल्याचा आवाज झाला आणि धूळ उठली.

मग जमीन थांबली. कुत्रीसुद्धा गप्प झाली.

आकांक्षाच्या हातात काहीतरी जड होतं. तिनं खाली पाहिलं. तांदळाचं भगुणं होतं, काठाला दोन्ही हातांनी घट्ट धरलेलं.

तिनं घराकडं पाहिलं. घर फार लांब नव्हतं. पुढचं दार उघडं होतं आणि आत अंधार होता. त्या अंधारापलीकडं मधली खोली, आणि तिथं नंदू. नुसतं पळत जायचं होतं. तिनं पाय उचलायचा प्रयत्न केला. पाय उचलला नाही. हाक मारावी म्हणून तोंड उघडलं तर घशातून कोरडी हवा तेवढी बाहेर आली. कुणीतरी जा हो, माझी लेक आत आहे, एवढं जरी म्हणता आलं असतं तरी दहा जण धावले असते. तेही म्हणवलं नाही. तिचे डोळे दारावर होते आणि दार तिच्यापासून लांब लांब चाललं होतं.

तेवढ्यात दुसरा धक्का आला. पहिल्याहून लहान होता, पण यावेळी बायका किंचाळल्या. आकांक्षा हातपंपाला टेकून मटकन खाली बसली आणि तिनं डोळे मिटून घेतले. हे मात्र तिला नीट आठवत राहिलं. लेक घरात होती, घर हलत होतं, आणि तिनं डोळे मिटले.

उघडले तेव्हा माय पुढच्या दारातून बाहेर येत होती. लुगड्याचा पदर कमरेला खोचलेला, कडेवर नंदू. पोरगी आता कडेवर घेण्याच्या वयाची राहिली नव्हती; तिचे पाय मायच्या गुडघ्यांपर्यंत लोंबत होते. माय पळत नव्हती. शेतातून ओझं घेऊन यावं तशी चालत आली, हातपंपापाशी थांबली, आणि तिनं लेकीकडं पाहिलं. मग भगुण्याकडं पाहिलं. एका हातानं ते काढून घेतलं आणि पंपाच्या कट्ट्यावर ठेवलं.

"गॅस बंद केला," ती म्हणाली. "डाळ झाली व्हती."

घरात कुणी जायचं नाही, असं मोबाईलवर कुणाला तरी आलं आणि सगळं गाव शाळेपुढच्या मैदानात गोळा झालं. कुणाला लागलं नव्हतं. रूपाबाईच्या पत्र्यावरचे दगड मात्र खाली आले होते, आणि त्यांतला एक पत्रा फाडून थेट चुलीपाशी पडला होता. ती तो दगड केवढा होता हे हातांनी दाखवत होती, आणि प्रत्येक नव्या माणसाला सांगताना हातांतलं अंतर थोडं वाढत होतं.

प्रमोदचा फोन आला. तोही रस्त्यातच थांबला होता, मोटारसायकल आपोआप डोलायला लागली म्हणाला. सगळे नीट आहेत का, असं त्यानं दोनदोनदा विचारलं. माय म्हणाली, सगळे हाईत, तू गुरुजींना घेऊन ये. आज कसं करणार, असं त्यानं विचारलं असावं. त्यावर ती एवढंच म्हणाली की वरीस आज हाय, उद्या न्हाई.

आकांक्षानं नंदूला घ्यायला हात पुढं केले. पोरगी आजीच्या मानेत तोंड खुपसून बसली होती. तिनं मान वळवून आईकडं पाहिलं, पण हात काही सोडले नाहीत.

"मम्मी, तू कुठं होतीस?"

"इथंच होते बाळा."

नंदू आईच्या तोंडाकडं बघत राहिली आणि मग पुन्हा आजीच्या खांद्यावर डोकं टेकवून पडली.

भीती ओसरली तशी मैदानात हसू सुरू झालं. कोण कसं पळालं, याच्या नकला व्हायला लागल्या. उकंडराव एरवी काठीशिवाय उठत नसत, ते आज काठी विसरून नातवाच्याही पुढं मैदानात पोचले होते. एकीनं लेकराला उचललं म्हणून छातीशी धरलं ती उशी निघाली. लेकरू आधीच बापाकडं होतं. सगळे खो खो हसले. रूपाबाईनं आकांक्षाच्या पाठीवर थाप मारली.

"आन ही बघा, नांदेडची पाव्हणी. माझ्या आधी पंपापाशी. हातात तांदूळ घेऊनशानी."

पुन्हा हसू झालं. रूपाबाईच्या मनात काही नव्हतं, ती सगळ्यांचंच सांगत होती. आकांक्षाही हसली. हसताना तिला आपले दात एकमेकांवर आपटताना जाणवले. तिनं ओठ मिटून घेतले आणि नंदूनं ते ऐकलं का, हे बघितलं. नंदू डोळे मिटून पडली होती. झोपली होती की नाही, ते कळत नव्हतं.

मग बोलणं दादांवर आलं. ते येणारच होतं. आजचा दिवस त्यांचा होता, आणि पत्र्यावर दगड नसलेलं गल्लीतलं एकच घर त्यांचं होतं. नरसिंगदादांनी पत्रे चढवले तेव्हाच ते आकड्यांनी आवळून घेतले होते. दगड ठेवल्याशिवाय वाऱ्यात राहतील का, म्हणून लोक हसले होते. आज रूपाबाईचा नवरा म्हणाला, माणूस शहाणा होता. उकंडराव म्हणाले, शहाणा तर होताच, पण जिगरबाज होता. एवढे आवाज झाले, एवढी गावं हादरली, पण त्या माणसाच्या तोंडावर कधी भीती बघितली नाही. आवाज झाला की म्हणायचा, भुईच्या पोटात गुरगुरलं, सकाळपासून जेवली नसंल. आणि बाज अंगणात ओढून झोपून जायचा.

आकांक्षा ऐकत होती. तिलाही तेच आठवत होतं.

घरात शेत होतं, दुभतं होतं, कशाची वानवा नव्हती. पण तिचे वडील घरात म्हणून टिकायचे नाहीत. दाढी लिंबाला आरसा टांगून करायचे. जेवण अंगणात. तिचे पाढे, प्रमोदचं शुद्धलेखन, सगळं अंगणात. पावसाळ्यासाठी त्यांनी चार लोखंडी खांबांवर छपरी उभी केली होती, भिंत एकीकडूनही नाही; पाऊस लागला की सगळ्यांच्या बाजा तिकडं. माय डासांच्या नावानं ओरडायची. पोरांना मात्र तो सणच वाटायचा. बाजेवर पडल्यापडल्या दादा आभाळातलं म्हातारीचं बाजलं, म्हणजे सप्तर्षी, दाखवायचे, आणि ते पळवून नेणारे तीन चोर. चोरांची नावं ते रोज बदलायचे, आणि त्यात गावातला ज्याच्याशी त्या दिवशी वाजलं असेल तो हमखास असायचा.

हिवाळ्यात ते दोघांना पहाटेच उठवून सिद्धेश्वर धरणाच्या पाण्यावर घेऊन जायचे. "पावणे आलेत," म्हणायचे. पावणे म्हणजे लांबच्या थंड मुलखांतून येणारे चक्रवाक. केशरी रंगाची ती जोडपी पाण्यावर उतरताना पाहायची म्हणून तिघं पोतं अंगावर घेऊन काठावर पडून राहायचे. येताना शेतात गोवऱ्यांच्या आरात रोडगे भाजायचे. डोंगरात सीताफळं कुठली आधी पिकतात, रानडुक्कर कुठून उतरतं, कोल्ह्याचं पाऊल आणि कुत्र्याचं पाऊल यांत फरक काय, हे सगळं त्यांनी पोरांना चालता चालता शिकवलं. लेकीचं लग्न झालं, नांदेडला तिसऱ्या मजल्यावर बिऱ्हाड झालं, तेव्हा ते भेटायला यायचे. पण फ्लॅटमध्ये झोपायचे नाहीत. तुमच्या घरात हवा लागत न्हाई, म्हणायचे आणि चटई घेऊन खाली वॉचमनच्या शेजारी जाऊन पडायचे. जावयाला आधी राग यायचा. मग तोही हसून सोडून द्यायला लागला. सकाळी नंदूला चिमण्या दाखवायच्या म्हणून दादा तिला जे खाली घेऊन जायचे ते जेवायच्या वेळेलाच वर आणायचे.

गेले तेसुद्धा शेतातच. हळद काढून झाली होती, बांधावर आंब्याखाली बसले आणि बसल्याबसल्याच गेले. त्यांना हवं तसं मरण आलं, असं सगळे म्हणाले.

अशा माणसाची आपण लेक, असं आकांक्षाच्या मनात आलं. ती उठली आणि शाळेच्या भिंतीआड जाऊन एकटीच उभी राहिली.

ऊन वर आल्यावर माय मैदानातून उठली. सैपाक अंगणात करायचा, असं तिनं ठरवलं होतं. रूपाबाईनं आज राहू द्या म्हणून पाहिलं, मग तीच लाटणं-पोळपाट घेऊन आली. घराच्या भिंतीला मागच्या बाजूनं एक तडा गेला होता, बाकी सगळं जागच्या जागी होतं. खाली पडण्यासारखं मुळात काही वर ठेवलेलंच नव्हतं. या घरात उतरंड नव्हती, माळा नव्हता, भिंतीला फळी नव्हती. भांडी, डबे, अंथरुणं, सगळं जमिनीवर. लहानपणी आकांक्षाला याची लाज वाटायची. मैत्रिणींच्या घरी फळ्यांवर पितळी भांडी चमकत असायची.

नंदू छपरीत रूपाबाईपाशी बसून पिठाचे गोळे करायला लागली. माय म्हणाली, चल, गोवऱ्या घेऊन येऊ. दोघी गोठ्यामागं गेल्या.

माय गोवऱ्या काढून देत होती आणि आकांक्षा टोपलीत रचत होती. टोपली भरत आली तरी माय काढतच होती. मग ती थांबली आणि लुगड्याला हात पुसून रिकाम्या गव्हाणीच्या काठावर बसली.

"तू माझ्यासमोरनं पळालीस," ती म्हणाली. "मी गोठ्याच्या दारात व्हते."

आकांक्षा हातातली गोवरी धरून उभी राहिली.

"मला ती आठवलीच न्हाई माय," ती म्हणाली. "आणि आठवली तरी जाता आलं न्हाई. माझीच लेक. मला जाता आलं न्हाई."

मायनं मान हलवली. मग तिनं विचारलं, तुझे दादा किल्लारीला गेले होते ते तुला माहीत आहे ना.

माहीत होतं. साऱ्या गावाला माहीत होतं. गणपती विसर्जनाच्या दुसऱ्या पहाटे तिकडं भूकंप झाला आणि गावोगावची पोरं ट्रकमध्ये पीठ, कपडे घेऊन गेली. इथूनही एक ट्रक गेला होता. त्यात दादा होते आणि तांड्यावरचा त्यांचा मित्र गुलाबसिंग होता. ढिगाऱ्याखालून एका म्हातारीला दोघांनी जिवंत बाहेर काढलं, ही गोष्ट गुलाबसिंगकाका दरवर्षी गणपतीत सांगायचे. दादा ती कधी सांगायचे नाहीत. कुणी काढलीच तर उठून जायचे.

"म्हातारी एक निघाली," माय म्हणाली. "बाकीचं गुलाबसिंगबी सांगत न्हाई."

मग तिनं जे सांगितलं ते फार हळू सांगितलं, मध्ये मध्ये गोवऱ्यांचे तुकडे उचलून टोपलीत टाकत. दादा परत आले तेव्हा त्यांच्या अंगाला वास येत होता आणि तो कितीही आंघोळी केल्या तरी जात नव्हता. किंवा त्यांना तसं वाटायचं. ते जेवायला बसायचे आणि ताटातलं चिवडत राहायचे. त्यांनी एकदाच काय ते बोलून दाखवलं होतं, की दगडमातीची घरं सगळी खाली बसली, माणसं झोपेत होती, आणि लेकरं आईबापांच्या मध्येच सापडत होती. त्यानंतर ते त्याबद्दल बोलले नाहीत.

दिवाळी जवळ आली होती. आकांक्षा तेव्हा रांगत होती, प्रमोद अजून जन्मलाही नव्हता. सांजेची वेळ. माय चुलीपाशी होती आणि दादा मधल्या खोलीत लेकीला झोळीत झोके देत बसले होते. गल्लीत रस्त्याचं काम काढलेलं. ट्रक आला आणि त्यानं भिंतीला लागून दगड ओतले. साऱ्या घराला हादरा बसला.

"मी बाहेर आले," माय म्हणाली. "तर झोळीपाशी कुणी न्हाई. झोका चालूच व्हता."

आकांक्षानं हातातली गोवरी खाली ठेवली.

दादा गावाबाहेर मारुतीच्या देवळापर्यंत पळत गेले होते, अनवाणी. माय सांगत होती, लेकीला झोळीतून काढून तिनं कडेवर घेतलं आणि दारात उभी राहिली. बऱ्याच वेळानं ते आले. बायकोच्या तोंडाकडं त्यांनी पाहिलं नाही. लेक झोपली होती. तिच्या नाकापुढं बोट धरून ते कितीतरी वेळ नुसते उभे राहिले.

"तू त्यांना काई म्हणाली न्हाईस?"

"काय म्हणू? भ्याला व्हता माणूस."

दुसऱ्या दिवशी त्यांनी बाज बाहेर काढली. झोळी लिंबाला बांधली. आत गरम होतंय, असं त्यांनी सगळ्यांना सांगितलं. दिवस थंडीचे होते. माळा उतरवला, उतरंड खाली आणली, फळ्या काढून जळणात घातल्या. लोक विचारायचे, बायकोपोरांना काहून असं उघड्यावर झोपवता. तेव्हा त्यांनी चांदण्यांचं काढलं. पोरांना चांदण्या दाखवायच्या म्हणून. पण त्यांना तरी चांदण्या कुठं ओळखता येत होत्या? शाळेतल्या मास्तरांकडं जाऊन जाऊन ते शिकून आले. तसंच पाखरांचं. तसंच डोंगराचं.

"समदे बाहीर असले म्हंजे कुणाला आत ठिवून पळायचं कामच न्हाई," माय म्हणाली. "त्येवढंच व्हतं त्यांच्या मनात. मंग पुढं पुढं आवडाया लागलं असंल. लई आवडाया लागलं. मी कधी इचारलं न्हाई."

आकांक्षा गव्हाणीच्या काठावर मायशेजारी बसली. वॉचमनच्या शेजारी चटईवर पडलेले दादा तिला दिसले, आणि नंदूला घेऊन सकाळभर खाली थांबणारे. त्यांनी चिमण्या खरंच दाखवल्या होत्या. पोरीला चिमणा कुठला आणि चिमणी कुठली हे अजून बरोबर ओळखता यायचं.

"आणि तू?" तिनं विचारलं. "तुला काहून भ्या वाटलं न्हाई?"

माय हसल्यासारखी झाली.

"कुणी सांगितलं? दारातूनच पाय आत पडंना. मंग गॅस दिसला. मीच मला म्हनलं, पद्माबाई, आदी ते बटन तर बंद कर. तितवर गेले. तितवर गेले म्हून पुढं जाता आलं."

तिनं आपले हात पुढं केले. हात अजून थरथरत होते. आकांक्षाच्या ते सकाळपासून लक्षातच आलं नव्हतं. तिनं ते दोन्ही हातांत घेतले आणि दोघी तशाच बसून राहिल्या, तिकडून रूपाबाईनं गोवऱ्यांसाठी हाक मारेपर्यंत.

गुरुजी आले. पिंडदान अंगणातच झालं. सुतकी चेहऱ्याचा प्रमोद पुन्हा पुन्हा भिंतीच्या तड्याकडं पाहत होता आणि मंत्र चुकत होता. जेवायला बोलावलेले तर आलेच, न बोलावलेलेही आले, कारण घरात चूल पेटवायला कुणी धजत नव्हतं. छपरीत पंगत मावली नाही तेव्हा लोक लिंबाखाली बसले, गल्लीत बसले. वाढता वाढता आकांक्षाला वाटलं, दादा असते तर या गर्दीत फिरून फिरून प्रत्येकाला आग्रह करत असते. मग वाटलं, आणि आतून कुठंतरी सारखे मोजतही असते, सगळे बाहेर आहेत ना.

दुपारी मंडळी पांगली. माय बाजेवर आडवी झाली. नंदू छपरीच्या खांबाला टेकून बसली होती आणि काडीनं मातीत काहीतरी काढत होती. आकांक्षा तिच्याशेजारी जाऊन बसली. जवळ घ्यायला हात पुढं केला नाही. खाली नुसती भुई होती, तापलेली आणि स्थिर.

दादांची गोष्ट तिच्या हाताशी होती. आपण बाहेर झोपू, चांदण्या बघू, असं म्हणता आलं असतं. पोरीला आवडलंही असतं.

"नंदू," ती म्हणाली. "सकाळी मी इथंच नव्हते. मी पळून गेले. खूप भ्याले होते, आणि तुला न घेता पळाले."

नंदूची काडी थांबली. तिनं मान वर केली नाही.

"पंपापर्यंत?"

"हो."

"रूपाआजी सांगत होती."

गोठ्यात म्हशीनं मान झटकली, दाव्याची साखळी वाजली, आणि दोघीही एकदम दचकल्या. मग एकमेकींकडं बघितलं.

"मी पण भ्याले," नंदू म्हणाली. "मॅडमनी सांगितलंय, जमीन हलली की टेबलाखाली जायचं. इथं टेबल नव्हतं. मी पलंगाखाली गेले."

"एकटीच?"

"हो ना. आजी नंतर आली." तिनं मातीत एक रेघ ओढली आणि मग हातानं मोजावं तसं रेघेच्या आजूबाजूला चाचपून पाहिलं. "खाली खूप जागा होती, मम्मी. तू आली असतीस तर मावली असतीस."